आधी तिथी, मग कॅमेरा: कोकण किनाऱ्यावर वर्षभर फोटो कसे काढावेत

किनाऱ्यावर फोटो काढायला नव्याने निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न लेन्सचा असतो. कोणती घेऊ, किती एमएमची, फोनवर जमेल का? फोनवर भरपूर जमतं. पण लेन्स, फोन, ट्रायपॉड या सगळ्याच्या आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवशीची तिथी बघायला शिका. डोंगराचा फोटो चुकला तर उद्या त्याच वेळी डोंगर तिथेच असतो. समुद्र उद्या त्याच वेळी तिथे नसतो. भरतीची वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे गेलेली असते, आणि आठवड्याभरात चित्र पूर्ण उलटं झालेलं असतं. ज्याला हे गणित कळलं त्याला साध्या फोनवरही चांगले फोटो मिळतात.

पहिली पायरी: भरती-ओहोटीचा हिशोब

किनाऱ्यावर चालत आलेला एक ठोकताळा आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. मुंबईच्या आसपास हा ठोकताळा चांगला बसतो. रत्नागिरी, मालवण, गोवा असं खाली जाल तशी भरती थोडी लवकर येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी भरतीचं कोष्टक किंवा मोबाइलवरचं अॅप बघायचंच. पण महिनाभर आधी सुट्टी टाकताना आणि खोली ठरवताना हा ठोकताळा पुरेसा आहे.

आता याचा फोटोशी संबंध. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण असतं: पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. या दिवशी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, नेमकी सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळी. पौर्णिमेपासून पुढचे दोन-तीन दिवस सूर्यास्ताला पाणी उतरत असतं, पुळण ओली असते आणि त्या ओल्या रेतीत अख्खं आभाळ उतरतं. आरशासारखं प्रतिबिंब हवं असेल तर हेच दिवस धरा.

अष्टमीच्या आसपास उलट. सहाच्या सुमारास भरती, पण ती भांगाची, कमी उंचीची. खडपावर फुटणाऱ्या लाटा आणि मागे मावळतीचा रंग असा फोटो हवा असेल तर सप्तमी ते दशमी बघा. यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती नव्या माणसाला कोणी सांगत नाही: आपल्या किनाऱ्यावर सर्वात मोठ्या उधाणाची भरती सूर्यास्ताला येतच नाही. ती भर दुपारी किंवा मध्यरात्रीच येणार. त्यामुळे प्रचंड लाट आणि लालभडक आभाळ एकाच फोटोत मिळावं म्हणून संध्याकाळची वाट बघत बसू नका. मोठ्या लाटा पावसाळ्यातल्या दुपारी टिपायच्या. तेव्हा आभाळ झाकलेलं असतं, त्यामुळे बारा वाजताही प्रकाश मऊ मिळतो.

पाण्याची उंचीही बघा. मुंबईला उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणून मुंबईतल्या खडपांवर ओहोटीला जेवढं उघडं पडतं तेवढं मालवणला पडत नाही.

हे गणित जिवाशीही बांधलेलं आहे. भरती लागल्यावर पहिल्या तासात पाणी हळू चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात सर्वात वेगाने. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. परतीची वेळ फोटोच्या नादात चुकली की वाट पाण्याखाली जाते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तिथे फक्त ओहोटीला, गावातल्या माणसाला विचारून, आणि पावसाळ्यात अजिबात नाही.

दुसरी पायरी: सूर्य कुठे आहे ते समजून घ्या

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्य समुद्रात मावळतो आणि सह्याद्रीमागून उगवतो. म्हणून सगळे संध्याकाळी कॅमेरा काढतात आणि सकाळी झोपतात. माझ्या मते सकाळ जास्त मोलाची. सूर्य पाठीमागून, माडांच्या वरून येतो आणि समोरच्या पाण्यावर, होड्यांवर, पक्ष्यांवर सरळ पडतो. शिवाय रात्रभर जमिनीकडून वाहणारा मतलई वारा सकाळी मंद झालेला असतो, त्यामुळे खाडीचं पाणी निवांत असतं. दुपारनंतर खारे वारे सुटले की पाण्यावर चुरचुर लाटा उठतात आणि प्रतिबिंब मोडतं. खाडीतल्या होडीचा स्वच्छ, उलटा पडलेला आकार हवा असेल तर तो सकाळी साडेसातच्या आतच.

सूर्य मावळण्याची जागाही वर्षभर सरकते. डिसेंबरात तो नैऋत्येकडे झुकलेला असतो, जूनमध्ये वायव्येकडे. दोन टोकांमधला फरक पन्नास अंशांच्या जवळपास भरतो. म्हणजे एखाद्या किल्ल्यामागे किंवा बेटामागे सूर्य उतरताना हवा असेल तर तो वर्षातल्या ठरावीक आठवड्यांतच तिथे उतरेल. हर्णेच्या किनाऱ्यावर उभं राहून सुवर्णदुर्ग टिपायचा असेल तर आदल्या दिवशी जाऊन सूर्य कुठे टेकतो ते डोळ्यांनी बघून या. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास आणि जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर होतो. बाकीचे महिने या दोन वेळांच्या मध्ये.

सूर्य बुडाला की गर्दी उठते. तुम्ही उठू नका. पुढची वीस-पंचवीस मिनिटं ढगांना खालून रंग चढतो. आपल्या अक्षांशावर हा संधिप्रकाश लवकर संपतो, म्हणून ट्रायपॉड आधीच उभा असला पाहिजे.

तिसरी पायरी: आकडे, थोडक्यात

फोनवर काढत असाल तर एवढं करा: आभाळाच्या उजळ भागावर बोट टेकवा, बाजूला येणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा. रंग जळत नाहीत. क्षितिज सरळ ठेवायला पडद्यावरची चौकट चालू करा. वाकडा समुद्र दुसऱ्या सेकंदाला डोळ्यांत खुपतो.

कॅमेऱ्यावर लाटेसाठी शटरचे तीन वेग लक्षात ठेवा. वेग म्हणजे शटर किती सेकंद उघडं राहून उजेड आत घेतं ते. उडालेला प्रत्येक थेंब गोठवायचा असेल तर १/१००० किंवा त्याहून जलद. लाट फुटून परत जाताना रेतीवर फेसाच्या रेषा ओढते, त्या दिसायला हव्या असतील तर अर्धा ते एक सेकंद, आणि बटण दाबायचं ते पाणी येताना नव्हे, परत फिरताना. खडकांभोवती धुकं साचल्यासारखं पाणी हवं असेल तर दहा ते तीस सेकंद. यासाठी संध्याकाळचा अंधूक उजेड किंवा लेन्सपुढे गडद एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, लागते. माझी आवड मधल्या वेगाची. धुकं केलेला समुद्र पहिल्यांदा सुंदर वाटतो, पण त्यात कोणताही समुद्र कुठलाही वाटायला लागतो.

लेन्सचं छिद्र एफ ८ ते एफ ११ (आकडा मोठा तसं छिद्र लहान), आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १००, ट्रायपॉडचे पाय रेतीत दाबून घट्ट. लाट पायांखालची रेती ओढते, त्यामुळे एक्स्पोजर चालू असताना ट्रायपॉड खचतो. प्रत्येक लाटेनंतर पुन्हा दाबा.

पुढचा भाग रिकामा ठेवू नका. होडीचा दोर, वाऱ्याने पडलेल्या रेतीच्या वळ्या, कालवांनी भरलेला खडक, सुरूच्या बनाची सावली, काहीतरी जवळचं घ्या. सूर्य आणि पाणी एवढंच असलेला फोटो प्रत्येकाकडे असतो.

चौथी पायरी: वर्षाचं वेळापत्रक

*मे अखेर ते सप्टेंबर.* मी पावसाळ्यापासून सुरुवात करतो, कारण कोकणाचा समुद्र तेव्हाच पूर्ण ताकदीने दिसतो. मे महिन्याच्या उत्तरार्धात उन्हाने पांढरं झालेलं आभाळ भरायला लागतं. ढगांचे मनोरे क्षितिजावर उभे राहतात आणि संध्याकाळी त्यांच्या कडा पेटतात. वर्षातले सर्वात नाट्यमय सूर्यास्त या पंधरा-वीस दिवसांत मिळतात. मान्सून दक्षिण कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, मुंबईत त्याची सरासरी तारीख ११ जून.

पाऊस लागल्यावर नियम बदलतात. वारा नैऋत्येकडून, थेट समुद्रावरून येतो. पश्चिमेकडे कॅमेरा धरलात तर दहा सेकंदांत लेन्सवर थेंब. म्हणून किनाऱ्याच्या रेषेला समांतर, उत्तरेकडे तोंड करून उभं राहा. वारा डाव्या खांद्यामागून येतो आणि काच कोरडी राहते. लाटांची रांगच्या रांग एकामागून एक किनाऱ्याला येताना याच कोनातून दिसते, त्यामुळे फोटोही जास्त चांगला होतो. खिशात चार-पाच सुती फडकी ठेवा. एक ओलं झालं की पुसण्याऐवजी पसरवतं.

जागा उंचावरची निवडा. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या घाटरस्त्यावरून दोन्ही पुळणी एकाच वेळी दिसतात, आणि तुम्ही लाटेपासून खूप वर असता. हेदवीची बामणघळ प्रसिद्ध आहे: खडकातल्या अरुंद चिरेत भरतीचं पाणी शिरतं आणि कोंडून वर उसळतं. ती टिपायला भरती हवीच, पण घळीच्या काठावर नव्हे, मागे, कोरड्या खडकावर लांब लेन्स लावून. कोणत्याही खडपावर जाण्याआधी पंधरा मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं. मोठ्या लाटा सलग येत नाहीत. बराच वेळ शांत गेल्यावर दोन-तीन एकदम येतात. खडक ओला दिसत असेल तर तिथपर्यंत पाणी येतं, एवढा अर्थ पक्का. हिरवं शेवाळ असेल तर पाय ठेवूच नका.

हवामान खात्याचे इशारे रंगांत येतात: हिरवा, पिवळा, नारंगी, लाल. नारंगी आणि लाल इशाऱ्याला किनाऱ्यावर जायचं नाही, फोटो खोलीच्या खिडकीतून. समुद्राच्या लाटांचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था देते. तोही बघा, कारण कधीकधी दूरच्या वादळाने उठलेली लाट स्वच्छ उन्हातही किनाऱ्यावर आदळते. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम आहेत, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, त्यात श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या बागा आडव्या झाल्या. वादळाच्या आदल्या संध्याकाळचं आभाळ फार देखणं असतं हे खरं. ते घराच्या अंगणातून बघा.

पावसाळ्यात नुसत्या लाटांवर थांबू नका. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. राज्य सरकार तारखा पुढेमागे करतं. बोटी वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, जाळी विणायला काढलेली असतात. मच्छीमाराच्या हातातल्या सुईवर पडवीतला उजेड पडलेला असतो, असे फोटो बाकी आठ महिन्यांत मिळत नाहीत. नारळी पौर्णिमेला कोळीवाडे सजतात. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात देवगड, रत्नागिरीकडचे कातळसडे फुलतात: सीतेची आसवं, गेंद, कवला. जांभा दगडाच्या डबक्यात ढग आणि मागे समुद्र, असा फोटो हवा असेल तर पोटावर झोपायची तयारी ठेवा, आणि फुलांवरून चालू नका.

*ऑक्टोबर ते नोव्हेंबर.* पावसाने हवा धुतलेली असते. क्षितिजाची रेघ करकरीत दिसते, सूर्य थेट पाण्याला टेकेपर्यंत दिसतो. संध्याकाळी विजांचं आभाळ येतं. विजेचा फोटो सोपा आहे: ट्रायपॉड, एफ ८, आयएसओ १००, दहा-पंधरा सेकंदांची एक्स्पोजर एकामागून एक, त्यातल्या एखादीत वीज सापडते. पण वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर उघड्या पुळणीवरून उठायचं आणि पक्क्या घरात जायचं. सपाट किनाऱ्यावर ट्रायपॉडशेजारी उभा असलेला माणूस हीच सर्वात उंच वस्तू असते.

*डिसेंबर ते फेब्रुवारी.* हवेत धूळ आणि धुरकं. सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच विरतो, म्हणून रुंद दृश्याचा हट्ट सोडा आणि लांब लेन्सने लाल गोळ्यासमोरून जाणारी एखादी होडी पकडा. पहाटे दाभोळ, बाणकोटच्या खाड्यांवर धुकं उतरतं. फेरीबोट त्यातून बाहेर येते तो क्षण बघण्यासारखा. हा पक्ष्यांचाही मोसम, त्याबद्दल खाली. काळोख्या रात्री कधीकधी लाटा निळ्या चमकतात, ते सूक्ष्म जीवांचं काम. नोव्हेंबर २०२० मध्ये जुहूलाही असा उजेड दिसला होता. त्यासाठी चंद्र नसलेली रात्र, रुंद छिद्र, आयएसओ ३२०० आणि काही सेकंदांचं एक्स्पोजर.

*मार्च ते मे मध्य.* कडक ऊन. सकाळी नऊनंतर कॅमेरा ठेवून द्या. पण मे महिन्यातल्या अमावास्येची पहाट सोडू नका. चार-साडेचारला आकाशगंगेचा दाट भाग नैऋत्येला, समुद्राच्या बाजूला आलेला असतो, आणि अमावास्येमुळे पाणीही त्याच वेळी उतरत असतं. ओली पुळण आणि वर तारे. वेळणेश्वर, आंजर्ले, कुणकेश्वर अशा कमी दिव्यांच्या गावांत एफ २.८, पंधरा-वीस सेकंद, आयएसओ ३२०० पासून सुरुवात करा.

पाचवी पायरी: किनाऱ्यावरचे जीव

नवे लोक थेट गरुड आणि फ्लेमिंगोकडे धावतात. माझा सल्ला वेगळा. खेकडे आणि निवट्यांपासून सुरुवात करा. ते रोज भेटतात, आणि त्यांच्यापाशी बसायला शिकलात की पुढचे सगळे प्राणी सोपे जातात.

ओहोटी लागून तास-दीड तास झाला की पुळणीवर बारीक बारीक भोकं दिसतात, आणि प्रत्येक भोकाभोवती रेतीचे मणी किरणांसारखे पसरलेले. नखाएवढा खेकडा रेती तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्या रेतीची गोळी करून मागे टाकतो. भरती आली की सगळं पुसलं जातं. हा फोटो भर उन्हात सपाट दिसतो; सूर्य खाली असताना प्रत्येक मण्याला सावली पडते आणि नक्षी उठून येते. फोन रेतीपासून चार बोटांवर, उलटा धरा, म्हणजे लेन्स खाली येते. खेकडाही फोटोत हवा असेल तर हलायचं नाही. दहा मिनिटं. पहिल्यांदा दोन डोळे वर येतात, मग एक पाय, मग तो पुन्हा कामाला लागतो. तुमची सावली त्याच्यावर पडली की पुन्हा दहा मिनिटं.

खाडीच्या चिखलात, कांदळवनाच्या कडेला, निवट्या असतात. मासा असून चिखलावर चालतो, उड्या मारतो, आणि मधूनच डोळे आत ओढून ओले करून घेतो. नर एकमेकांसमोर आले की पाठीवरचा पर उभारून तोंड वासतात. त्यांच्याच शेजारी एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले खेकडे. नर ती नांगी वरखाली हलवून मादीला बोलावतो. १/१००० वेग, दोनशे-तीनशे एमएमची लेन्स आणि जेट्टीची पायरी किंवा बांधाची कड. चिखलात उतरू नका, माणूस कमरेपर्यंत रुततो.

मुंबईतल्यांना यासाठी कोकणात जायची गरज नाही. हाजीअली, गिरगाव, जुहू इथल्या खडपांवर उधाणाच्या ओहोटीला समुद्रफुलं, शंखात राहणारे खेकडे, कधी ऑक्टोपससुद्धा दिसतो. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट अशा फेऱ्या काढतो. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा. त्याखाली कोणाचं तरी घर असतं.

पक्ष्यांबाबत एकच युक्ती सांगतो, बाकीच्या आपोआप येतील. पक्ष्यांच्या मागे जाऊ नका. भरती लागायच्या वेळी किनाऱ्याच्या वरच्या अंगाला बसा. पाणी चढतं तसे चिखल्या, तुतवार, बगळे चरत चरत तुमच्याकडेच सरकतात. उठून चालत गेलात की थवा उडतो, आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला ती उडी महाग पडते. पांढऱ्या बगळ्याला एक्स्पोजर एक पायरी कमी करा, नाहीतर पिसं नुसती पांढरी पडतात. समुद्री बगळा काळसर-राखाडी आणि पांढरा अशा दोन रूपांत असतो. पांढरा दिसला म्हणून साधा बगळा समजू नका.

कुरव, म्हणजे सीगल, ऑक्टोबरात येतात. भाऊचा धक्का, गेटवेच्या लाँचमागे ते अगदी हाताच्या अंतरावर उडतात. प्रवासी गाठ्या-फरसाण फेकतात म्हणून ते येतात. तुम्ही फेकू नका, न फेकताही ते बरोबर चालतात. १/२०००, सलग फोटो घेण्याचा पर्याय, आणि लाँचच्या ज्या बाजूला ऊन आहे ती बाजू.

फ्लेमिंगोंसाठी ठाण्याची खाडी. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला. ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून बोट सुटते आणि तिच्या वेळा भरतीवर ठरतात. शिवडीच्या जेट्टीवरून बघायचे असतील तर लक्षात घ्या की तिथे तोंड पूर्वेला असतं: सकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो, दुपारी पाठीमागून पक्ष्यांवर. म्हणून दुपारनंतर भरती चढत असेल असा दिवस धरा. पाऊणचं गणित इथे पुन्हा लावा. षष्ठी-सप्तमीला साडेचार-पाचची भरती, म्हणजे तीनला जाऊन बसायचं. पूर्ण भरतीला खाडीचा चिखल बुडाला की बरेच थवे नेरूळ, सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर जातात, तिथेही ते जवळून दिसतात.

डॉल्फिन दापोलीच्या मुरूड-हर्णेकडे आणि तारकर्ली-देवबागला दिसतात. वारा पडलेली सकाळ निवडा. नावाड्याला आधीच सांगून ठेवा, "दादा, पाठलाग करायचा नाही, इंजिन बंद करून थांबू." थांबलेल्या बोटीजवळ ते स्वतः येतात, आणि फोटोही चांगला मिळतो, कारण बोट हलत नाही. १/१६०० वेग ठेवा. पाठ वर आलेली दिसेपर्यंत ती खाली गेलेली असते, म्हणून ते कोणत्या दिशेला जाताहेत ते बघून पुढच्या पाण्यावर रोख धरून ठेवा.

आणि कासवं. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडलेची घरटी जपायला सुरुवात केली. आता आंजर्ले आणि इतर गावांतही हे काम चालतं. पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल बाहेर येतात, त्यांना सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. जायच्या आधी गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारा. पिल्लं आपल्या सुट्टीप्रमाणे येत नाहीत. फ्लॅश बंद, फोकसला मदत करणारा छोटा दिवाही बंद, पडद्याचा उजेड कमी. पिल्लू उजेडाकडे वळतं, त्याची समुद्राची वाट चुकते. दोरीच्या मागे बसून, कॅमेरा रेतीला टेकवून, १/२५० आणि आयएसओ १६०० च्या पुढे. पिल्लू हळू चालतं, घाई लागत नाही. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हातात घेऊन फोटो काढणं हा गुन्हा आहे, कोणी आग्रह केला तरी.

समुद्रगरुडाचं घरटं सापडलं तर दूर राहा, आणि त्याची जागा समाजमाध्यमावर टाकू नका. पुढच्या रविवारी तिथे वीस कॅमेरे उभे राहतात आणि गरुड ते झाड सोडतो.

माणसांचे फोटो काढताना आधी बोला. हर्णे बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव चालतो, मालवणकडे सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात. ते लोक कामात असतात. "मावशी, काढू का फोटो?" एवढं विचारलं की बहुतेक हसून हो म्हणतात, नको म्हटलं तर कॅमेरा खाली. रापण ओढताना हात कमी असतील तर आधी दोर धरा.

शेवटची पायरी: मीठ आणि बुरशी

खारी हवा कॅमेऱ्याला पाण्यापेक्षा जास्त खाते. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. परत आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेरा पुसा, मग कोरड्याने. काचेवर मिठाचे कण असताना घासलं तर चरे पडतात. आधी फुंकणीने उडवा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धुवा आणि वाळू निघेपर्यंत उघडेच वाळत ठेवा. एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की काच आतबाहेर धुरकट होते. बंद बॅगेतच अर्धा तास बाहेर ठेवून मग उघडा. जून ते सप्टेंबर लेन्स कपाटात नकोत, हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, आणि पुड्या गुलाबी पडल्या की बदला.

फोटो संगणकावर टाकताना फोल्डरच्या नावात तारखेबरोबर तिथी, भरतीची वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा. पुढच्या वर्षी त्याच जागी कोणत्या दिवशी जायचं हे त्या चार शब्दांवरून ठरवता येतं.